परदेशगमन आणि घरचा उंबरठा

(विहाराच्या वर्धापनदिनी पिंपळगाव बसवंत येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला विषय दिला, परदेशगमन आणि आपला समाज. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही सूतगिरणीत तीन पाळ्यांत राबणारी माणसं. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही वाचलं ते याच विहाराच्या कपाटातलं, रात्रपाळी करून आल्यावर, डोळे चोळत. विमानात कधी बसलो नाही. या विषयावर आम्ही काय बोलणार? तेव्हा समितीचे लोक म्हणाले, "आप्पा, आपल्या वस्तीतली दोन पोरं परदेशात शिकायला निघालीत. आणखी चौघांची तयारी चालू आहे. फॉर्म भरून द्यायला शिकलेली मंडळी आहेत. पण आई-बाप घाबरलेत. त्यांच्याशी तुम्ही बोला." म्हणून बोलतो आहोत. त्या चौघांत आमची धाकटी लेकही आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कोणी म्हणेल, आप्पा दुसऱ्याच्या लेकरांवर भाषण करतात.

आई-बापांचे प्रश्न दोनच आहेत. पोर गेलं तर परत येईल का? आणि आलं तर इथं त्याचं काय होईल? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा फारसा कोणी मोठ्याने विचारत नाही. आमचं आजचं बोलणं त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आता बघा, पिंपळगावला परदेश काही नवीन नाही. जानेवारी लागला की आपल्या भागातल्या बागांमधून द्राक्षं निघतात, शीतगृहात जातात, कंटेनरमध्ये बसतात आणि समुद्रमार्गे हॉलंडला, इंग्लंडला पोचतात. आपल्या वस्तीतल्या किती बाया विरळणीला आणि पॅकिंगला जातात ते आम्ही सांगायची गरज नाही. त्यांच्या हातून गेलेला घड परदेशी बाईच्या टेबलावर जातो. निर्यातीच्या प्रत्येक पेटीवर क्रमांक असतो आणि त्यावरून ती पेटी कुठल्या बागेतून आली ते शोधता येतं. २००६ सालापासून ही व्यवस्था आहे. म्हणजे पेटीलाही विचारतात, तू कुठून आलीस? पण मालाची खात्री पटावी म्हणून विचारतात. आपल्याकडे माणसाला विचारतात, तू कुठला, आडनाव काय? ते कशासाठी विचारतात हे या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आमच्या वडिलांच्या काळी मुंबई हाच परदेश होता. गाव सोडलं, मनमाडहून नाहीतर नाशिकरोडहून गाडी धरली, गिरणीत चिकटलं, की गावकीच्या कामातून माणूस सुटला. गावात ज्याला दाराबाहेर उभं करत, त्याला मुंबईत पगाराच्या रांगेत बरोबरीने उभं राहता येई. म्हणून आपली माणसं झुंडीने गेली. पण तिथं काय दिसलं? मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसाला कताईच्या खात्यात काम मिळे. विणाईच्या खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं मात्र मज्जाव होता. कारण काय? तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. गिरणी इंग्रजी धर्तीची, यंत्रं विलायतेची, पण धोट्यावर जात बसलेलीच.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमचे वडील त्यातलेच. संप लांबला, गिरण्या एकेक करून मिटल्या आणि माणसं गावाकडे परतली. आमचे वडीलही वळकटी घेऊन आले. त्या वेळी आम्ही शाळकरी होतो, पण एक गोष्ट डोळ्यांत राहिली. मुंबईत वीस वर्षं युनियनच्या सभेत बोललेला माणूस गावात आला आणि गावाने त्याला पुन्हा जुन्याच नावाने हाक मारली. तो बदलला होता. गाव बदललं नव्हतं. परतण्यातला खरा त्रास इथं असतो. माणूस गेला तसा परत येत नाही आणि घर मात्र जसंच्या तसं असतं.

बाबासाहेबांच्या चरित्रात हीच गोष्ट फार मोठ्या आकाराने घडलेली आहे. चरित्र आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण आज ते जाणं आणि येणं, एवढ्या दोन गोष्टींपुरतं पाहू.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अभ्यास केला. तिथं कुणाबरोबर जेवायचं, कुठे बसायचं, कुठल्या नळाचं पाणी प्यायचं, हे प्रश्नच नव्हते. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून निघून गेली होती, असं त्यांनी स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवलंय. मायमाऊल्यांनो, हे वाक्य साधं नाही. जन्मापासून पाठीवर असलेलं ओझं उतरलं, आणि उतरल्यावर कळलं की ते ओझं होतं, शरीराचा भाग नव्हता.

त्याच पहिल्या वर्षांत त्यांनी अमेरिकेतून वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. मुलांच्या बरोबरीने मुलींना शिकवलं तर आपली प्रगती फार वेगाने होईल, असा त्याचा आशय. वय किती? बावीस-तेवीस. तिथलं नवं जग बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे इथली लेक होती. लेकीला एवढ्या लांब कसं पाठवायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र आठवावं.

मग १९१६ मध्ये लंडन. तिथला अभ्यास अर्धा झाला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान आणि पुस्तकं टॉर्पेडो लागून समुद्रात बुडाली. माणूस वाचला, पुस्तकं गेली. करार पाळायला ते बडोद्याला पोचले आणि स्टेशनवर उतरल्याबरोबर प्रश्न उभा राहिला, राहायचं कुठे? शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी खानावळीत वरच्या मजल्यावर एकट्याने दिवस काढले. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले आणि त्यांनी खोली सोडायला लावली. एक हिंदू स्नेही होता, एक ख्रिस्ती स्नेही होता, दोघांनीही घरात घ्यायला काही ना काही अडचण सांगितली. मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत बाबासाहेब बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिले.

न्यूयॉर्कमध्ये पदवी मिळवलेला माणूस आपल्याच देशात एका खोलीला महाग झाला. पुढे या आणि अशा इतर आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्या लिखाणाचं नाव. व्हिसाची वाट पाहत. अमेरिकेचा व्हिसा नव्हे हो! आपल्या घरात, आपल्या गावात, आपल्या देशात शिरायचा व्हिसा.

आणि घरी काय चाललं होतं? इकडे मुंबईच्या चाळीत माता रमाई होत्या. साहेब १९१३ ला गेले तेव्हा यशवंतराव वर्षाचेही नव्हते. परदेशगमनाच्या गोष्टीत गेलेल्या माणसाचं नाव लागतं, राहिलेल्या माणसाचं लागत नाही. रमाईंनी जी गरिबी सोसली, जी लेकरं गमावली, त्याची पदवी कुठल्या विद्यापीठाने दिली नाही. आपल्या वस्तीतली दोन पोरं जातील तेव्हा त्यांच्या आयांची विचारपूस कोण करणार, हे आपण आजच ठरवून ठेवावं, असं आम्हाला वाटतं.

बडोद्यातल्या अपमानानंतर बाबासाहेबांनी काय केलं? ते पुन्हा परदेशी गेले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने हातभार लावला, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. बॅरिस्टर झाले, डी. एस्सी. मिळवली आणि १९२३ मध्ये परतले. हॉटेलवाल्या पारशांनी हाकललं आणि पारशी मित्राने मदत केली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कुणालाही जमातीवरून तोलू नये, हा धडा त्यातच आहे.

परतल्यावर त्यांनी पदवीची पाटी दारावर लावून सुखाने वकिली केली असती तर कोणी अडवलं नसतं. पण १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हजारो लोकांनी प्यायलं. आमचं म्हणणं असं की त्या पाण्यात न्यूयॉर्कही होतं आणि लंडनही होतं. जिथं कोणी विटाळ धरत नाही असं पाणी त्यांनी तिकडे पाहिलं होतं, प्यायलं होतं. तसंच पाणी इथंही असू शकतं, ही खात्री घेऊन ते परत आले. पुस्तकं बुडाली, पण ही खात्री बुडाली नाही.

याचा अर्थ परतल्यावर सगळं सोपं झालं असं नव्हे. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब आपल्या शेजारच्या खानदेशात चाळीसगावला उतरले. बॅरिस्टर, मुंबई कायदेमंडळाचे सभासद, सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य. वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. पण टांगेवाले त्यांना घेऊन जायला तयार होईनात. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि वस्तीतल्याच एकाने हाकला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. फरशीवर अपघात झाला, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. विलायतेत बॅरिस्टर झालेला माणूस चाळीसगावच्या टांग्यात बसू शकत नव्हता. म्हणून सांगतो, परदेशाहून येताना पोरांना वाटतं, आपण आता मोठे झालो, गाव मान देईल. गाव देईलच असं नाही. ते मनात धरून यावं आणि तरीही यावं.

आपल्या नाशिकचंच घ्या. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे पाच वर्षं तो चालला. त्याच काळात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला जात-येत होते. इथं धुरा सांभाळली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी, आपल्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या माणसाने. बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रं छापून आलेली आहेत, ती जरूर वाचा. लंडनमध्ये मांडायचा प्रश्न नाशिकच्या रस्त्यावर लाठ्या खात होता, आणि नाशिकच्या रस्त्यावरच्या माणसाचा आवाज लंडनमध्ये उमटत होता. एक गेला आणि एक राहिला म्हणून दोघांचं काम झालं. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ ला इथून जवळच, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. ती ऐकणाऱ्यांत या निफाड तालुक्यातलीही माणसं होती, असं आम्ही आमच्या थोरल्यांकडून ऐकत आलो.

आता एका गिरणीवाल्याची गोष्ट. अण्णाभाऊ साठे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. शाळेत जेमतेम दीड दिवस गेले असं सांगतात. मुंबईला येऊन गिरणीत काम केलं, शाहिरी केली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. श्रीमंतांची प्रवासवर्णनं पुष्कळ आहेत, पण मजुराच्या डोळ्यांनी पाहिलेला परदेश मराठीत आणणारा हा माणूस. त्यांच्या कथा परक्या भाषांत गेल्या. आणि घरी? १९६९ साली अण्णाभाऊ गेले ते हलाखीत. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. आनंद झाला, नाही असं नाही. पण मनात आलं, आपली माणसं परदेशात लवकर मोठी होतात आणि घरी मेल्यावर. हा क्रम आपण बदलायला नको का?

आम्ही स्वतः एकदाच देशाची सीमा ओलांडली. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतून धम्मयात्रेची बस निघाली होती. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून आम्ही सोनौलीच्या नाक्यावरून नेपाळात लुंबिनीला गेलो. तिकडे जायला आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. फरक एवढाच की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. बसमधल्या आजीबाई म्हणाल्या, "मेला, एवढाच का परदेश?" पण बाबासाहेबांचा शेवटचा परदेश प्रवासही नेपाळचाच होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिली आणि पुढच्याच महिन्यात, तब्येत साथ देत नसताना, जागतिक बौद्ध परिषदेसाठी ते काठमांडूला गेले.

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे. मातीत विसरला गेलेला तो लेख १८९६ मध्ये पुन्हा उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला, इथं बुद्ध जन्मले म्हणून त्याने स्तंभ उभारला आणि गावाचा कर कमी केला, एवढाच मजकूर. आम्हाला तो फार आवडला. राजा यात्रेला आला आणि जाताना गावावरचं ओझं हलकं करून गेला. यात्रेचं पुण्य काय, तर जिथं गेलो तिथल्या गरिबाचा बोजा कमी झाला. हे आम्ही लिहून घेतलं.

आजूबाजूला देशोदेशींचे विहार आहेत. थायलंडचा, म्यानमारचा, श्रीलंकेचा, चीनचा, कोरियाचा. एका विहारात दुपारी परदेशी उपासकांची पंगत बसली होती. त्यांनी हाताला धरून आम्हाला बसवलं. भाषा कळत नव्हती. आम्ही "जयभीम" म्हटलं, त्यांनी हात जोडले. नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. वाढलं आणि आम्ही जेवलो. आमच्याबरोबरच्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आप्पा, हे लोक आपल्याला ओळखतच नाहीत, किती बरं आहे!" हे बोलणं ऐकून हसू आलं आणि पोटात कालवलंही.

परतीच्या वाटेवर, सीमेच्या अलीकडे, आपल्याच देशात एका धर्मशाळेत मुक्कामाला जागा मागितली. जागा होती. वहीत नावं लिहिताना तिथला माणूस थांबला, बसवरचा निळा झेंडा पाहिला, चार आडनावं वाचली, आणि जागा नाहीशी झाली. आम्ही बसमध्येच रात्र काढली. सकाळी मनात हिशेब केला. पंधरा मिनिटं पुढच्या देशात जेवण मिळालं, आपल्या देशात अंथरूण मिळालं नाही. बाबासाहेबांच्या बडोद्याला शंभर वर्षं होऊन गेली तरी काही ठिकाणी घड्याळ तिथंच आहे.

कोणी म्हणेल, मग पोरांनी परदेशातच राहावं, तिकडे तरी सुख आहे. ऐका. जात तिकडेही पोचली आहे. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचा एक इशारा उद्धृत केलाय. त्याचा आशय असा, हिंदू लोक जगात दुसरीकडे गेले तर जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल. केतकर ब्राह्मण, बाबासाहेब महार, दोघेही मराठी, दोघेही अमेरिकेत शिकलेले, आणि या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत. शंभरावर वर्षं गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या नगरपरिषदेला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव करावा लागला. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. गरज पडली म्हणूनच केला ना? सामानाची तपासणी विमानतळावर होते, पण मनातली जात कुठल्या यंत्रात दिसत नाही. तेव्हा पोरांनी तिकडे गेल्यावर नाव लपवू नये आणि घाबरूही नये. तिकडेही आपली माणसं १४ एप्रिल साजरा करतात, त्यांना शोधावं.

जायचं कसं, त्याचीही थोडी माहिती देतो. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, दरवर्षी ७५ जागा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. अटी बदलत असतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. २०२२ साली केंद्राच्या शिष्यवृत्तीत एक नवी अट आली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज या विषयांच्या संशोधनासाठी ती मिळणार नाही. बंधूंनो, विचार करा. ही अट १९१३ साली असती तर भारतातील जातींवर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं काय झालं असतं? शिष्यवृत्ती दान नाही, आपला हक्क आहे. आणि हक्काबरोबर कुठला विषय शिकायचा हा प्रश्नही आपलाच आहे. तो आपण विचारला पाहिजे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पोर परत येईल का?

याचं उत्तर आपल्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. नाशिकला जाता-येता ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, ती आपली बौद्ध लेणी. तिथं सतरा नंबरच्या लेण्यात शिलालेख आहे. इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने ते लेणं कोरवलं. तो उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा परदेशी. त्याच्या बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं नाव धम्मरक्षित. लेणं, चैत्य आणि पाण्याची टाकी त्याने आई-वडिलांच्या प्रीत्यर्थ संघाला दान दिली. तो आपल्या गावी परतला की नाही, हे दगडावर लिहिलेलं नाही. पण घरापासून इतक्या लांब, परक्या डोंगरात, त्याने आई-बापाची आठवण पाण्याच्या टाक्यासह ठेवली आणि मुलाचं नाव धम्माचं ठेवलं. परक्याला सामावून घेणारी ही आपली भूमी होती, हेही विसरू नका.

आणि त्याच त्रिरश्मीच्या पायथ्याशी २०२३ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची फांदी लावली. ती फांदी मुळात कुठली? सम्राट अशोकाच्या काळात संघमित्रा थेरींनी बोधगयेहून सिंहलद्वीपाला नेली, त्या झाडाची. एक लेक फांदी घेऊन परदेशी गेली. इकडे धम्म मातीआड गेला, तिकडे झाड जगलं. बावीसशे वर्षांनी त्याच झाडाची फांदी आपल्या नाशिकला परत आली. जे जातं ते कधी आणि कुठल्या रूपाने परत येईल, ते आई-बापाच्या हातात नसतं. आई-बापाच्या हातात एकच असतं, इथली माती ओली ठेवणं. फांदी आली आणि लावायला जागाच नसली तर ती काय करील?

म्हणून लेकराला तिकीट देताना "परत आलंच पाहिजे" अशी शपथ घालू नका, आणि "येऊच नको, इथं काय ठेवलंय" असंही म्हणू नका. दोन्ही बोलणी भीतीची आहेत. त्याला सांगा, तू जिथं राहशील तिथं माणूस म्हणून राहा, आणि इथलं घर आम्ही राहण्यासारखं करून ठेवतो.

ते घर कसं करायचं? आम्ही गिरणीतली माणसं, भाषणापेक्षा कामाची यादी आम्हाला बरी कळते. म्हणून समितीपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, या विहारात रात्री अकरापर्यंत दिवा चालू असलेली अभ्यासिका. पुढच्या वर्षी वर्धापनदिनाचा मंडप लहान घाला, साऊंडवाल्याचे पैसे वाचवा, त्यातून टेबलं आणि पंखे येतात.

दुसरी, प्रत्येक घरात कागदांची एक पिशवी. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, पासपोर्ट. पोर हुशार असतं आणि दाखला वेळेवर नसतो, म्हणून संधी जाते. दहावी झाल्यावरच ही पिशवी भरायला घ्या.

तिसरी, जी पोरं जातील त्यांच्या आई-बापांकडे महिन्यातून एकदा समितीतल्या कोणी तरी जाऊन बसायचं. दवाखाना असो, बँक असो, नाहीतर नुसतं चहा पिणं असो. रमाईंना जो एकांत भोगावा लागला तो आपल्या वस्तीतल्या कुठल्याही आईला भोगावा लागू नये.

चौथी गोष्ट जड आहे. आपल्या उंबरठ्याची. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी मजूर बागेच्या कामाला येतात, पालं टाकून राहतात. त्यांची लेकरं आपल्या विहाराच्या अंगणात खेळायला आली तर आपण त्यांना काय विचारतो? आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीचं, नाहीतर शेजारच्या मातंग वस्तीतलं स्थळ आलं तर आपल्या चुलीपाशी काय कुजबूज होते? लुंबिनीत आम्हाला कोणी आडनाव विचारलं नाही म्हणून आपल्याला रडू येतं, तर आपल्या दारातही ते विचारलं जाता कामा नये. व्हिसा मागणारं घर आपलंही नसावं. नाहीतर परदेशातून आलेलं पोर विचारील, आप्पा, तुम्ही बडोद्याला नावं ठेवता, मग हे काय?

मागे उभ्या असलेल्या मुला-मुलींना शेवटचं सांगतो. तिकडे गेलात की विद्यापीठ बघा, ग्रंथालय बघा, रस्ते बघा. पण त्याहून जास्त हे बघा की माणूस माणसाशी कसा वागतो. चांगलं असेल ते टिपून घ्या, वाईट असेल तेही टिपून घ्या. सुट्टीला याल तेव्हा चॉकलेटं आणलीत तर लहान पोरं खूश होतील, पण एक रविवार या अभ्यासिकेत बसून चार पोरांना इंग्रजी अर्ज लिहायला शिकवलंत तर आम्ही खूश होऊ. आणि तिकडेच राहिलात तर महिन्याला एक पत्र, एक फोन, वर्षाला एका पोराची फी. इंद्राग्निदत्ताने टाकी कोरली, तुम्ही निदान एक माठ भरा.

आमच्या लेकीचा अर्ज लागतो की नाही ते पुढे कळेल. नाही लागला तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचा लागेल. अभ्यासिकेचा दिवा मात्र याच महिन्यात लागावा, एवढी समितीला आणि तुम्हा सर्वांना विनंती करतो. 

सब्बे सत्ता सुखी होन्तु. नमो बुद्धाय. जयभीम.